न उजळलेल्या ताऱ्याचा सत्कार

नागपुराहून परतून महिना होत आला, तरी माझा राग उतरलेला नाही. प्रवासाचे वर्णन प्रसन्न चित्ताने लिहावे असा संकेत आहे आणि तो मोडण्याची मला हौस नाही. परंतु येथे भेटेल तो नागपूर कसे होते म्हणून विचारतो, मी "छान होते" म्हणते, आणि तेवढे म्हणून झाल्यावर दिवसभर स्वतःवरच चिडत राहते. समोरासमोर बोलणे मला कधी साधले नाही. म्हणून जे घडले ते लिहूनच सांगते.

मी साताऱ्यास मुलींच्या एका शाळेत संस्कृत शिकविते. आकाशाचा नाद मला पंचेचाळिशी उलटल्यावर लागला. ज्या वयात माणसे नाद सोडतात त्या वयात मी तो धरला. त्यातही मी धरले ते रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत असते असे. त्यांच्यातली एक जात फार विलक्षण आहे. तिला खुजे नवतारे म्हणतात. असा तारा एरवी इतका मंद असतो की आमच्यासारख्यांच्या दुर्बिणीतून तो दिसतच नाही. मग एखाद्या दिवशी, काही न कळविता, तो एकाएकी शेकडो पटींनी उजळतो, आठ-पंधरा दिवस झळकतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. असे का होते ते अजून कोणी खात्रीने सांगितलेले नाही. पुन्हा केव्हा होईल तेही सांगता येत नाही. तीन महिने लागतील, पाच लागतील. तेव्हा पाळत ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

मिथुन राशीत असा एक तारा आहे. त्याच्यासाठी मी नागपूरला गेले.

धरमपेठ

कुमुद माझी शाळेतली मैत्रीण. तिचे लग्न होऊन ती नागपुरास गेली त्याला तीस वर्षे झाली. तिचे यजमान बापूसाहेब तेथे वकिली करतात. भोसल्यांच्या काळात त्यांचे पूर्वज आमच्याच मुलखातून तिकडे गेले, हे त्यांनी मला पहिल्या तासाभरात दोनदा सांगितले. स्वातंत्र्याच्या सुमारास एक इंग्रज अधिकारी विलायतेस परतला. त्याच्या खुर्च्या-टेबलांबरोबर साडेचार इंची भिंगाची एक दुर्बीणही विक्रीस निघाली, ती बापूसाहेबांनी घेतली. माझी दुर्बीण अडीच इंचांची, आणि वारा आला की तिची तिवई कापते. कुमुदने लिहिले, "आमची नुसती आच्छादन घालून पडून राहिली आहे, आठवडाभर ये." मी माघातल्या कृष्णपक्षाचा शेवट पाहून रजा काढली, म्हणजे संध्याकाळी चंद्राचा अडथळा नको.

नागपूर मला आवडले, हे प्रामाणिकपणे नोंदविते. त्या प्रांताच्या राजधानीचे शहर असल्याने रस्ते ऐसपैस, झाडी जुनी, आणि हवा इतकी कोरडी की गच्चीवर वाळत घातलेले लुगडे दोन घटकांत कडक होते. आमच्याकडे फेब्रुवारीत सूर्य मावळला की खोऱ्यातून धुके चढू लागते. येथे मिथुनातले दोन मोठे तारे डोक्यावर येतात तेव्हा ते लुकलुकतही नाहीत. असे आकाश ज्यांच्या गच्चीवर रोज पसरलेले असते त्यांचा मला पहिल्या दिवशी हेवा वाटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा राग येऊ लागला.

प्रथम जेवणाविषयी. गोळाभात मी पूर्वी खाल्ला नव्हता. डाळीचे तिखट गोळे भातावर कुस्करायचे आणि वर मोहरी-हिंगाची तडतडती फोडणी ओतायची. अत्यंत रुचकर. पण साताऱ्यास पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणारा थांबतो. येथे "पुरे" हा शब्द बहुधा नमस्कारासारखा समजतात. स्वयंपाकाला पार्वताबाई होत्या, उमरेडकडच्या विणकर घरातल्या. हातमाग बंद पडला म्हणून शहरात आलेल्या. त्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, तुमी काई खाऊनच नाई राहिल्या. मले बोल लागन ना." मी मुकाट्याने आणखी एक गोळा घेत असे.

हाच पाहुणचार संध्याकाळी गच्चीवर चढला. बापूसाहेबांनी आळीतल्या सगळ्यांना बोलावून ठेवले होते. सतरंज्या अंथरलेल्या, चिवड्याच्या बश्या, आणि कोणी अडखळू नये म्हणून वर टांगलेला विजेचा मोठा दिवा. अंधुक तारा पाहायचा तर डोळे अर्धा तास अंधारात मुरवावे लागतात. मी हळूच म्हणाले की दिवा... "हो हो, आणखी एक लावतो न," बापूसाहेब म्हणाले. मी "हरकत नाही" म्हणाले. या दोन शब्दांनी माझे जितके नुकसान केले आहे तितके कोणा शत्रूनेही केले नसेल.

दुर्बीण गुरूवर रोखली होती. पाहणाऱ्यांना मान वाकडी करावी लागू नये म्हणून बापूसाहेबांनी नळीच्या टोकाला काटकोनी लोलक बसविला होता. त्यातून खुर्चीवर बसून सुखाने खाली पाहता येते. एकेक जण पाही, चार चंद्र मोजी, आणि वकीलसाहेबांना शाबासकी देई. सगळे जेवायला उतरल्यावर मला पाव तास मिळाला. मी दिवा घालविला, लोलक काढून नेत्रिका, म्हणजे डोळ्याशी यायचे भिंग, सरळ बसविली, नकाशा जुळविला आणि पाहिले. तारा नव्हता. त्याच्या शेजारचा सर्वांत मंद कोणता तारा दिसतो ते टिपून घेतले आणि खाली आले.

"दिसला?"

"नाही."

त्यांच्या घरच्या आमटीत मीठ नाही असे मी म्हटले असावे, तसा त्यांचा चेहरा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी समजावून सांगितले की आमच्या कामात "नाही" हेसुद्धा निरीक्षणच असते. आज नव्हता आणि उद्या दिसला, तरच तो केव्हा उजळला ते कळते. आजचे "नाही" हरवले तर उद्याच्या "आहे"ची निम्मी किंमत गेली. बापूसाहेबांनी साक्षीदाराचे ऐकावे तसे शांतपणे ऐकून घेतले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "पाहा बॉ, साताऱ्याहून आल्या इतक्या दूर, आणि रोज काही नाही ते लिहून राहिल्या." सगळे हसले. मीही हसले. कुमुद तेवढी हसली नाही.

रामटेक

नागपूरला येऊन रामटेक न पाहता जाणे म्हणजे यजमानाचा अपमान, असे मला सांगण्यात आले. दिवेलागणीच्या आत परत आणण्याचे वचन मी मागितले आणि ते तत्काळ मिळाले. बापूसाहेबांच्या अशिलाची मोटार होती. मी आणि कुमुद निघालो; बापूसाहेबांना कोर्टाचे काम होते.

डोंगर सुंदर आहे. चढताना माकडांनी कुमुदच्या हातातले फुटाणे नेले. वरून पाहिले की पांढऱ्या देवळांच्या पायथ्याशी तलाव आणि पानमळे दिसतात. तिकडचे विड्याचे पान नाजूक असते आणि लोक त्याचे फार कौतुक करतात. याहून अधिक मी लिहू शकत नाही, कारण मी सारा वेळ सूर्याकडे पाहत होते. परतताना गावाबाहेर मोटारीने वाफ सोडली आणि ती जी थांबली ती थांबलीच. चालक बॉनेटखालून म्हणाला, "आता सकाळीच काही होईन, बाई." कुमुदच्या ओळखीचे एक घर होते, तेथे आम्ही राहिलो.

कुमुदने माझी समजूत घालण्याचा प्रयत्न केला. एक दिवस नाही पाहिले तर तो तारा काय रुसून जाणार आहे? अंगणात उभी राहून नुसत्या डोळ्यांनी मिथुन पाहत राहिले. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

पुन्हा धरमपेठ

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पोहोचलो तो फाटकाला आंब्याच्या पानांचे तोरण. पार्वताबाई कुंकू घेऊन पुढे आल्या. "बाई, तुमचा तारा निंगाला म्हनते जी काल."

बापूसाहेब ओसरीवर उभे होते आणि आनंदाने अक्षरशः लाल झाले होते. काल नेहमीप्रमाणे मंडळी जमली होती. गुरू दाखवून झाल्यावर त्यांनी माझा नकाशा घेऊन दुर्बीण मिथुनाकडे वळविली आणि जेथे मी रोज "नाही" म्हणत होते तेथे त्यांना तारा दिसला. पाहुण्यांनीही पाहिला. माझ्या कागदांवर मुंबईच्या कार्यवाहांचा, म्हणजे आम्हा हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवून परदेशी कळविणाऱ्या गृहस्थांचा पत्ता होता. सकाळी तारघर उघडताच बापूसाहेबांनी माझ्या नावाने तार केली होती: मिथुनातला तारा उजळला. त्यांच्या पक्षकारांपैकी एक गृहस्थ वर्तमानपत्रात होते, त्यांनाही कळविले होते. आणि उद्या सायंकाळी वाचनालयात माझा सत्कार ठरला होता.

"माझ्या नावाने?" मी विचारले.

"मग काय माझ्या? तारा तुमचा आहे, ताई. आपण पाहुण्याची चीज लाटत नाही."

माझे काय पणाला लागले होते ते येथे सांगितले पाहिजे. मी धनवान नाही, गणिती नाही, आणि या कामात मला अवघी दोन वर्षे झाली आहेत. माझ्यापाशी आहे ते एवढेच, की मी लिहिलेले लोक खरे धरतात. अशा तारेवर विसंबून परदेशातले लोक आपली कामे बाजूला ठेवून मोठमोठ्या दुर्बिणी वळवितात. तेथे काही नसले की ते एक नाव लक्षात ठेवतात. पुढे त्या नावाने काहीही आले तरी बाजूला सारतात आणि त्याबद्दल कोणी तुम्हाला कळवीतही नाही.

मी विचारले, तारा केवढा होता? नकाशातल्या कोणत्या ताऱ्याशी ताडून पाहिला? ते म्हणाले, "ठळक. एकदम ठळक." मी विचारले, लोलक काढला होता का? ते चकित झाले. "काढायचा काहून? बायामाणसांनी माना मोडून घ्याव्या?"

दुर्बिणीतून चित्र उलटे दिसते, पण नकाशा फिरवून धरला की ते जुळते. मध्ये लोलक आला की ते आरशातल्या चेहऱ्यासारखे होते. डाव्याचे उजवे होते आणि मग कागद कसाही फिरविला तरी ते जुळत नाही. बापूसाहेबांनी काय पाहिले असेल याचा मला अंदाज आला. पण अंदाजावर बोलायचे नाही हे मी याच नादात शिकले होते. संध्याकाळपर्यंत मी त्या घरात पाहुणी म्हणून बसून राहिले. शेजारणी अभिनंदनाला येत होत्या. मला जेवण गेले नाही आणि पार्वताबाईंनी त्या दिवशी आग्रह केला नाही.

दिवस मावळल्यावर मी म्हणाले की आज गच्चीवर कोणी नको, दिवाही नको. माझा आवाज इतका कापला की बापूसाहेबांना मी आजारी आहे असे वाटले. कुमुद वर गेली, स्टुलावर चढली आणि तिने दिव्याचा गोळाच काढून आणला.

लोलकाशिवाय मी पाहिले. शेजारचे मंद तारे स्वच्छ दिसत होते. आमचा तारा नव्हता, आणि तो एका रात्रीत उजळून विझत नाही. मग लोलक लावला. नकाशा धरून पाहिले तर त्याच्या जागी एक ठळक तारा आला. तो पलीकडच्या बाजूचा, सदासर्वदा तेथेच असणारा. मी बापूसाहेबांना खुर्चीवर बसविले. एकदा लोलकासह दाखविले, एकदा लोलकाशिवाय. ते बुद्धिमान गृहस्थ आहेत. त्यांना दोनदा सांगावे लागले नाही.

बराच वेळ ते नेत्रिकेला डोळा लावून बसले. मला वाटले की आता ते क्षमा मागतील, आणि त्यावर काय बोलायचे या विचाराने मी संकोचले. ते उठून म्हणाले, "असं करा ताई, आता दुसरी तार करू नका."

मी लोलक हातात घेऊनच त्यांच्याकडे वळले.

"हे पाहा. तो आज ना उद्या उजळणारच न? तुम्हीच म्हणता. मग दोन दिवस अलीकडे काय न पलीकडे काय. नागपूरचं नाव झालं, तुमचं झालं. इतक्या लोकांनी पाहिला, मी त्यांना आता काय सांगू?"

"मग पाहायचंच कशाला?" मी म्हणाले. "घरी बसून पंचांगात लिहू या."

एवढे मी कोणाच्या तोंडावर आयुष्यात प्रथमच बोलले. आणि लगेच खाली निघून आले, कारण पुढे बोलता आले नसते.

सकाळी मी स्वतः तारघरात गेले आणि दुसरी तार केली: पहिली तार माझी नव्हे, तारा दिसला नाही. परतले तेव्हा कुमुद फाटकाशीच उभी होती. मी तिला म्हणाले की वाचनालयात येत नाही, डोके दुखते असे सांग. तिने मला आत येऊ दिले नाही.

"डोकं दुखतं म्हटलंस तर तो तारा कायमचा उजळला समज," ती म्हणाली. "मी तीस वर्षं ऐकूनच राहिली, सुमे. तू तरी बोल."

वाचनालय

दालन भरले होते. हार संत्र्याएवढ्या झेंडूंचा होता. मी अजूनही असे धरून चालले होते की बापूसाहेब उभे राहतील, गैरसमज झाला म्हणून दोन शब्दांत सांगतील आणि चहा होईल. ते उभे राहिले. त्यांनी भोसल्यांपासून आरंभ केला. मग विलायती दुर्बिणीविषयी बोलले. मग म्हणाले की आमच्या साताऱ्याच्या भगिनींनी नागपूरच्या आकाशात जो तारा टिपला त्याची वार्ता आता सातासमुद्रापार गेली आहे. म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता टाळ्या वाजविल्या.

परवा पाहिले ते चुकून होते. आज बोलले ते जाणून. वर्गात मी चाळीस मुलींपुढे रोज उभी राहते, पण तेथे बोलणे पाठातले असते. येथे माझ्यापाशी पाठ नव्हता. मी उठले, तो अध्यक्षांना वाटले आभार मानायचे आहेत, म्हणून त्यांनी हसून मान हलविली.

मी म्हणाले, "तारा उजळलेला नाही. परवा मी दुर्बिणीपाशी नव्हते. जो दिसला तो शेजारचा तारा आहे, लोलकामुळे जागा उलटली. हे वकीलसाहेबांना काल सायंकाळी मी प्रत्यक्ष दाखविले आहे. तुम्हाला माझ्या नावाने खोटे सांगण्यात आले, म्हणून सांगावे लागते." मग हार काढून टेबलावर ठेवला. तो ठेवताना पाकळ्या अध्यक्षांच्या धोतरावर सांडल्या.

मग मागून एक म्हातारबुवा मोठ्याने म्हणाले, "मंग हा हार कायचा हाय गा, बापूसाहेब?" आणि सगळे दालन हसले. मला ते हसणे नको होते. मी त्यांना हसविण्यासाठी बोलले नव्हते. अध्यक्षांनी "वैज्ञानिक विषयात मतभेद असायचेच" असे म्हणून समारोप केला. त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. मत कोणाचे होते? भेद कशात होता?

उरलेल्या दोन संध्याकाळी गच्ची रिकामी होती आणि दुर्बीण माझ्या एकटीच्या ताब्यात. तारा दिसला नाही. बापूसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. मात्र निघताना टांग्यात संत्र्यांची पाटी, शिदोरी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या ठेवलेला होता. पाहुणचारात त्यांनी तसूभर उणे पडू दिले नाही. त्यांनी क्षमा मागितली असती तर मी ती पाटी आनंदाने नेली असती. स्टेशनावर कुमुद आली होती. गाडी हलल्यावर तिने खिडकीशी चालत चालत एवढेच विचारले की लोलक कोणत्या बाजूने निघतो.

मुंबई

कल्याणला गाडी बदलून मला साताऱ्याकडे वळता आले असते. मी मुंबईला उतरले. कार्यवाहांना मी केवळ पत्रांतून ओळखत होते. तोंड दाखविण्याची माझी इच्छा नव्हती, पण दोन तारांनी जे केले ते तिसऱ्या कागदाने निस्तरता येईल असे मला वाटेना.

ते दादरला एका दोन खोल्यांच्या जागेत राहतात. वयस्क, मृदू गृहस्थ. मी नाव सांगताच त्यांनी खुर्ची पुढे केली आणि माझी क्षमायाचना मध्येच थांबविली. पहिली तार त्यांनी पुढे पाठविलीच नव्हती.

"तिच्यात वेळ नव्हती, ताऱ्याच्या तेजाची प्रत नव्हती, कशाशी ताडला ते नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही असं कधी कळवीत नाही. म्हटलं, ही तुमची नव्हे. एक दिवस थांबलो."

मला तेथे रडू आले, हे लिहिण्यास मी लाजत नाही. इतके दिवस जे नाव गेले असे मी धरून चालले होते ते या अनोळखी माणसाने ओळखून सांभाळले होते. त्यांनी चहा केला. मग माझे आठवड्याचे निरीक्षण उतरवून घेऊ लागले. पहिला दिवस, नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथ्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

"हा रामटेकचा," मी म्हणाले.

"अलीकडे नाही, पलीकडे नाही," ते समजुतीने म्हणाले. "म्हणजे त्या दिवशीही नव्हताच. 'नाही' लिहून टाकतो. ओळ सलग होईल."

आणि माझा राग, जो चहाने थोडा निवला होता, पुन्हा उसळला. या वेळी आवाज कापला नाही.

"लिहू नका," मी म्हणाले. "त्या संध्याकाळी मी पाहिलेलं नाही."

त्यांनी लेखणी दौतीत बुडविली आणि पाचव्या दिवसापासून पुढे लिहिले.